शिट्टीची वाट

रविवार, ता. १४, दुपार

चि. बंधुराजांस,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे मजेत. तुझी लेक पोटभर जेवते, गाढ झोपते आणि माझी बाथरूम ओल्या टॉवेलांनी भरून ठेवते. तिला परत कधी पाठवतेस, हा तुझा प्रश्न पोचला. त्याचं नंतर बघू.

आधी तुझ्या पत्रातलं ज्ञान. शंभर मीटर फ्रीस्टाइल कशी पोहावी, हे तू मला शिकवतोस! अरे, माझं अर्धं आयुष्य तलावावर पोरं घडवण्यात गेलं आणि तू अजून कमरेएवढ्या पाण्यात नाक धरून उभा राहतोस. म्हणे तलावाची पहिली लांबी दम राखायचा आणि "माझी शिट्टी वाजली की सुटायचं". वा रे पठ्ठ्या! चार व्हिडिओ बघितलेस आणि लागलास अक्कल पाजळायला. शर्यत म्हणजे काय पातेल्यातलं दूध आहे, मंद आचेवर ठेवायला? उडी मारल्यापासून वेगच लागतो. फक्त पहिल्या लांबीत अंग सैल ठेवायचं, पाय जरासे राखायचे, आणि भिंतीला लाथ मारून वळलं की होतं नव्हतं ते सगळं ओतायचं. कधी ओतायचं ते पोहणाऱ्याच्या अंगाला कळतं. काठावर खुर्ची टाकून बसलेल्याला नाही.

क्लबच्या शर्यतीत काय झालं ते तुला ठाऊकच नाही, कारण तू बघतच नव्हतास. मी बघत होते. पोरगी दर श्वासाला मान वळवून तुला शोधत होती, शिट्टीची वाट पाहत. आणि तू पाण्याकडे पाठ करून शेजारच्या पालकांना तीच युक्ती समजावून सांगत होतास! शिट्टी वाजलीच नाही. ती शेवटची आली, आणि भिंतीला हात लावला तेव्हा तिला साधी धापही लागली नव्हती. त्यावर तू चारचौघांत काय म्हणालास? "आळशी आहे, अंग चोरते." लाज नाही वाटली तुला? मला वाटली, तुझी बहीण असल्याची.

त्याच संध्याकाळी ती बॅग घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मी बोलावलं नव्हतं.

आज सकाळी संघाची निवड होती. तुला मुद्दाम कळवलं नाही. पहिल्या दोघींनाच घेणार होते. वळली तेव्हा ती चौथी होती. मग अशी सुटली, अशी सुटली, की माझ्यासारखं जुनं खोड काठावर उड्या मारत ओरडत होतं. दुसरी आली! पाण्यातल्या लेनच्या दोरीला लोंबकळून कितीतरी वेळ नुसत्या धापा टाकत होती. चेहरा लालबुंद, हसू काही आवरेना. मी म्हटलं, "बाबांना फोन लावू?"

हसू गेलं. म्हणाली, "आत्या, नको ना सांगूस. ते येतील."

तरी कळवते आहे, कारण तू बाप आहेस. येऊ नकोस.

तुझी,
ताई