दोन रंगांचं काम

प्रिय आत्या,

तुला 'अगं' म्हणावं की 'अहो', यातच माझा पहिला कागद वाया गेला. मी तुझ्या धाकट्या भावाची मुलगी. आपण कधी भेटलो नाही. आई म्हणाली, "आत्याला कुणी अहो म्हणतं का? ती काय परकी आहे?" खरं तर आईनेही तुला पाहिलेलं नाही, पण घरातली नाती तीच ठरवते, म्हणून मी 'अगं'च म्हणते. आवडलं नाही तर सांग, सुधारेन. पत्ता तुमच्या जुन्या शेजारणीच्या सुनेकडून मिळाला. तिने तो जरा का-कू करूनच दिला, तेव्हा तिच्यावर रागावू नकोस.

बाबा बरे नाहीत. ताप-खोकला असता तर बरं झालं असतं, असं म्हणायची वेळ आली आहे. सकाळी ते नीट असतात. पेपर वाचतात, मी शाळेत शिकवायला निघाले की "डबा घेतलास का" विचारतात. दुपारचं जेवण झालं की उठतात आणि आतल्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभे राहतात, ते पार दिवेलागणीपर्यंत. कुणालाही आत जाऊ देत नाहीत. ओरडत नाहीत, हात उगारत नाहीत, उलट फार अदबीने सांगतात, "जरा थांबा, आत काम चाललंय." खुर्ची दिली तर ती दाराला आडवी लावतात आणि स्वतः उभेच. पाय सुजून खांबासारखे झाले आहेत. डॉक्टर म्हणतात, काहीही करा पण बसवा. सांगायला काय जातं! आईचा पलंग आत, तिच्या गोळ्या आत. मी शाळेतून येते तेव्हा ती बिचारी स्वयंपाकघरातल्या फरशीवर हाताची उशी करून पडलेली असते. मग मी बाबांच्या शेजारी भिंतीला टेकून बसते आणि मुलांच्या वह्या तपासते. दर थोड्या वेळाने ते मला विचारतात, "गाडी सुटली का?" मी सुरुवातीला "कुठली गाडी?" असं विचारायचे. आता नाही विचारत. मी फार थकले आहे, आत्या. इथे हे कुणापाशी बोलत नाही. तू लांब आहेस म्हणून लिहवतं.

त्यातच क्लबचं काम आलं. आपल्या गल्लीचा फुटबॉल क्लब अजून आहे, तुला ठाऊक असेल. मैदानाला आता नवी भिंत आणि फाटक झालं आहे. फाटकाशेजारी संघाच्या रंगांची हकिगत मोठ्या अक्षरात लिहायची ठरली. सेक्रेटरी काका घरी आले आणि म्हणाले, "तू घराण्यातली पहिली शिकलेली, तूच लिही. आम्ही लिहिलं तर तक्रार-अर्ज वाटेल." हकिगत सगळ्यांना पाठच आहे. वर विटकरी, खाली निळा. विटकरी म्हणजे आपली माती, निळा म्हणजे नदी, आणि दोघांमधली वाकडी रेघ म्हणजे नदीची लाट. हे सगळं बाबांना पोरवयात सुचलं, म्हणून दर वर्षी पहिल्या सामन्याआधी त्यांच्या गळ्यात हार पडतो. मागे एकदा कारखान्याने जर्सीवरची रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ करून पाठवली, तर आमच्या खेळाडूंनी ती घालायलाच नकार दिला. समोरच्या संघाचे लोक अजून ओरडतात, "अर्धे बुडालेत, उरलेले आज बुडवा!" आणि आपले ओरडतात, "डोकं वर आहे अजून!" हरलो तरी हे ओरडणं चुकत नाही. आणि आपण बऱ्याचदा हरतो.

मी लिहायला बसले आणि अडले. माती, नदी, लाट एवढं तीन ओळींचं काम, पण हात पुढे जाईना. मला खोटं लिहिता येत नाही असं नाही. शाळेच्या अहवालात लिहिते की! पण हे आपल्या घरचं होतं. माळ्यावरून पहिल्या जर्सींपैकी उरलेली एक काढली आणि खिडकीत धरली. रंगाऱ्याच्या घरात जन्मले, त्यामुळे थोडं कळतं. खालचा निळा सगळा ओघळांचा आणि पट्ट्यापट्ट्यांचा आहे. कापड टाकीत सोडून कुणी ढवळलंच नाही, तर असं होतं. वाकडी रेघ लाट वगैरे काही नाही. दांडीवर टाकलेलं कापड अर्धं बाहेर राहिलं, तिथे पाण्याची पातळी जशी हलली तशी ती उमटली. निळ्याच्या टाकीवर त्या काळी तूच असायचीस ना? आजोबांच्या हातांना इसब झाल्यावर सगळ्या टाक्या तूच सांभाळायचीस, आणि तुझ्या हातचा निळा सात धुण्यांत हलायचा नाही, असं जुने लोक अजून म्हणतात. मग हे असं काम तुझ्या हातून झालं कसं?

ते मला बाबांनी सांगितलं, पण मला म्हणून नाही. दाराशी उभे असताना मी त्यांना कधी मी वाटते, कधी गल्लीतलं कुणी, आणि कधी आजोबा. परवा मी आजोबा होते. आईच्या गोळ्या आणायला आत जाऊ लागले, तर दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावून म्हणाले, "अण्णा, आत येऊ नका. ताई दोन रंगांचं काम करतेय. दार उघडलं तर वाफ जाईल, रंग फाटेल, पट्टे पट्टे पडतील." आत्या, तू त्या घरात वाढलीस, तुला हे समजावून सांगायला नको. रंग धरत असताना टाकीच्या खोलीचं दार उघडायचं नाही. घराला आग लागली तरी आधी बाहेरून विचारायचं. आजोबा देवालासुद्धा दटावतील, पण हा नियम मोडणार नाहीत. मी तिथेच थांबले आणि आजोबांसारखंच विचारलं, "इतका वेळ?" तर म्हणाले, "दोन रंग आहेत ना, अण्णा. एकावर एक चढायला नको. तिला घाई केलेली चालत नाही, तुम्हीच तर शिकवलंय."

मग हळूहळू, रोज थोडं थोडं, सगळं कळलं. क्लबच्या पांढऱ्या जर्सी निळ्या करायच्या होत्या, दुसऱ्या दिवशी पहिला सामना होता. तू त्या दांडीवर टाकून अर्ध्या सोडल्यास आणि मीठ आणते म्हणून मागच्या दाराने बाहेर पडलीस. ज्यांच्याबरोबर तू जायचं ठरवलं होतंस, ते रेडिओ दुरुस्त करणारे काका गाडीतळावर थांबले होते. बाबांना तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. ते तुला काही विचारायला आले, बाहेरून मारलेल्या हाकांना ओ आली नाही म्हणून आत गेले, तर टाकी एकटीच उकळत होती आणि तुझ्या चपला जागेवर नव्हत्या. कामाच्या वेळी तू चपला काढूनच ठेवायचीस, आणि तुझं नि काकांचं त्यांना ठाऊक होतं, म्हणून तू निघालीस हे त्यांना लगेच कळलं. गाडी दुपार कलल्यावर सुटणार होती. आजोबांना आधी कळतं तर ते माझ्या दोन्ही थोरल्या काकांना घेऊन गाडीतळावर उभे राहिले असते. बाबांनी मागच्या दाराला आतून कडी लावली, पुढे आले आणि पुढच्या दाराला पाठ लावून उभे राहिले. आजोबा आले, आजी आली, क्लबचे लोक जर्सी मागायला आले. सगळ्यांना एकच उत्तर, दोन रंगांचं काम आहे. गाडीची वेळ टळून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आता हे काम खरोखरच दाखवावं लागणार. दुसऱ्या टाकीत आदल्या दिवशीच्या पडद्यांचा विटकरी उरला होता. जर्सी उलट्या करून त्यांनी वरचा पांढरा भाग त्यात बुडवला. त्यांना जमलं तसं केलं. विटकरीसुद्धा फाटलेलाच आहे.

अंधार पडल्यावर आजोबांनी दार उघडायला लावलं. आत जर्सी वाळत होत्या आणि तू नव्हतीस. बाबांनी मार खाल्ला. बाहेर मात्र आजोबांनी अवाक्षर काढलं नाही. मुलगी गेली म्हणण्यापेक्षा मुलाने रंग निवडले म्हणणं सोपं होतं. माती आणि नदी आजोबांनीच जोडली, क्लबच्या लोकांना तोंड द्यायला.

शेजारणीची सून सांगत होती, तू मागे एकदा म्हणाली होतीस, की माझी अर्धी सोडलेली टाकी भावाने आपल्या नावावर केली, करू दे खुशाल. आणि हेही म्हणाली होतीस, की मी गेले त्या दिवशी माझ्यामागे कुणी धावतसुद्धा आलं नाही, इतकी मी त्यांना जड झाले होते. हे ऐकून मी घरी आले आणि बाबांकडे बघत बसले. आत्या, कुणी आलं नाही, कारण कुणाला येऊ दिलं नाही.

हे भिंतीवर लिहायचं का, हे मला ठरवता येत नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "खोटं असलं तरी इतकी वर्षं वापरलंय, आता ते खऱ्यातच जमा." तुझ्या परवानगीशिवाय मी एक अक्षर लिहिणार नाही. पण त्यासाठी मी हे पत्र लिहीत नाहीये. भिंत थांबेल. तू इकडे ये असंही म्हणत नाही, इतकं मागायचा मला हक्क नाही. बाबांना मी शंभरदा सांगून पाहिलं, गाडी सुटली, ताई पोचली. ते म्हणतात, "तुला कसं कळलं?" मग आईने शेजारच्या वहिनींकडून तुझ्या नावाने फोन करवला. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाले, "आपला नंबर चुकला असेल. ताई मला नावाने हाक मारत नाही," आणि परत दाराशी गेले. मग काय म्हणते ताई, असं मी विचारलं तर लहान मुलासारखे लाजले आणि म्हणाले, "ते तिचं तिला माहीत." तेव्हा हे आता तुझ्याशिवाय कुणालाच जमणार नाही. आमचा नंबर खाली लिहिला आहे. पत्राचं उत्तर लिहीत बसू नकोस. एखाद्या दुपारी, जेवणानंतर, फोन कर. राग असेल तर तो असू दे, बाकी काही बोलू नकोस. त्यांना जे म्हणायचीस ते म्हण, आणि सांग की मी पोचले. मी फोन त्यांच्या कानाला धरेन, आणि दुसऱ्या हाताने खुर्ची पुढे ओढेन.

तुझीच,
जिला तू अजून पाहिलेलं नाहीस ती भाची