ताई, तुझा पाचवीचा वर्ग

प्रिय ताई,

तुझी तेरवी झाली आणि आज शाळेत मुख्याध्यापक बड़े गुरुजींनी विचारलं, "सर, दीदी की पाँचवीं आप लेंगे?" सोमवारी उत्तर द्यायचं आहे. नाही म्हटलं तर दुसरं कोणी येईल आणि आहार-व्यायाम पुन्हा पुस्तकातल्या एका धड्यापुरता राहील. अशा वेळी मी तुलाच विचारत आलो, म्हणून लिहितो आहे.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, त्याच वर्षी आपण दोघं शिक्षक म्हणून भनपुरीच्या या शाळेत आलो. तू गणिताच्या तासाला मुलांना फाटकापर्यंत पळवायचीस. आधीची नाडी, नंतरची नाडी, मग वजाबाकी. शेजारच्या वर्गात मला गोंगाटाचा त्रास व्हायचा.

"ताई, हा गणिताचा तास आहे की खेळाचा?"

"तुह्ये पोट्टे बसल्या जागी झोपून राहिले. माह्ये तरी जागे आहेत!"

आणि ती खाण्याची वही! आठवडाभर काय खाल्लं ते मुलांनी हिंदीच्या तासाला लिहायचं. तू तापाने घरी होतीस, म्हणून वह्या मी तपासल्या. सगळीकडे दूध, सेब, अंडा, पालक. मी खुशीत सगळ्यांना दहापैकी दहा दिले.

शाळेत परतल्यावर तू वह्या चाळल्यास आणि म्हणालीस, "सुधीर, या पाऱ्यात, एवढ्या गरीब वस्तीत, रोज सेब कोण खाऊन राहिलं रे?"

मुलांना ती परीक्षा वाटली होती. त्यांनी धड्यातलं उत्तर उतरवलं होतं. मला हे का दिसलं नाही?

तू कोणावर रागावली नाहीस. दुसऱ्या दिवशी डब्यात बासी घेऊन आलीस, पाण्यात भिजवलेला रात्रीचा भात, सोबत कांदा आणि हिरवी मिरची. वर्गासमोर बसून खाऊ लागलीस. मी दारात उभा होतो.

फुलेश्वरीने विचारलं, "दीदी, आप भी बासी खाते हो?"

"हव!" भरल्या तोंडाने तू म्हणालीस. सगळा वर्ग हसला.

मग मुलांनी वह्या नव्याने लिहिल्या. बासी, चटणी, कुठे मुनग्याची, म्हणजे शेवग्याची भाजी. फुलेश्वरीने गुरुवारपुढे लिहिलं होतं, "कुछ नहीं." शनिवारपुढेही तेच.

ताई, तिलाही मी दहा दिले होते!

त्यानंतर तुझ्या वर्गात धावण्याआधी मूठभर फुटाणे आले. अंगणातल्या मुनग्याचा पाला का खायचा, ते विज्ञानात आलं. भात कुठून येतो, ते भूगोलात. बी.एड. आपण दोघांनी एकाच कॉलेजात केलं. मग तुला हे कोणी शिकवलं? इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलं, पण तुला एकदाही सांगितलं नाही की मी थक्क व्हायचो. सांगायला हवं होतं.

सोमवारी मी हो म्हणणार आहे. तुझ्यासारखं बोलणं मला जमणार नाही. मुलांबरोबर धावताना धापही लागेल. पण पाचवीतल्या कोणालाही माझ्यापासून उपाशी असल्याचं लपवावं लागणार नाही, एवढा शब्द देतो.

तुझा,
सुधीर