चपलेचा डिंक

अण्णा,

काल मी तळेघरच्या एका बाईचा डोळा चिकटवला. भाताची काडी लागली, असं ती म्हणत होती. नवऱ्याने विळा फेकून मारल्याचं तिच्या पोरीने सांगितलं. बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला मोहरीएवढं भोक पडलं होतं आणि आतलं पाणी झिरपत होतं. मी जागा कोरडी केली, सुईच्या टोकावर डोळ्यांसाठीचा डिंक घेतला आणि तुमचा आवाज ऐकू आला, "थेंब नको, थेंबाचा वास." भोक बुजलं, पाणी थांबलं.

हे मी कॉलेजच्या आधी जुन्नरला, आपल्या स्वयंपाकघरात शिकले. मी दहावीत होते. तुम्ही खाटकाकडून बकऱ्याचे डोळे आणायचात, ब्लेडने त्यांना भोक पाडायचात आणि वाटी माझ्यापुढे सरकवायचात. आई करवादायची, "उद्या ह्याच वाटीत कोशिंबीर करू का?" तुम्ही म्हणायचात, "कर की, आपल्याकडं बघत बसेल." आधी कोरडं करायचं, मग डिंक, वर मऊ लेन्स. खाली जखम भरली की डिंकाची खपली आपोआप गळते. आणि एकदा तुम्ही म्हणालात, "दुकानात मिळतो तो ह्याच घराण्यातला, पण तो डोळा जाळतो." त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग मला फार आवडला.

खोडदच्या एका शेतकऱ्याच्या डोळ्यात पहारीची कपची उडाली होती. तुम्ही दवाखान्यात तो चिकटवलात तेव्हा मी बाहेर पेशंटचे नंबर पुकारत होते. सासूला घेऊन आलेली डिंभ्याची एक सून बाकावर बसली होती. तिने विचारलं, "काय घातलं गं त्याच्या डोळ्यात?" मी ऐटीत म्हणाले, "डिंक. चपलेला लावतात ना, त्याच्याच घराण्यातला." ती म्हणाली, "अगं बया! आन धरतंय?" "लगेच," मी म्हणाले.

महिन्याभराने धरणाकाठच्या जमिनीवरून तिचा नवरा आणि थोरला दीर भांडले. दिराने बाभळीच्या फोकाने मारलं आणि काटा नवऱ्याच्या डोळ्यात घुसला. दुपारची एस.टी. आली नाही. तिने दुकानातून चपलेच्या डिंकाची ट्यूब आणली.

दुसऱ्या दिवशी जीपमधून त्याला आणलं, तेव्हा पापण्या दगडासारख्या मिटल्या होत्या आणि तो जनावरासारखा हंबरत होता. "तुमच्याच दवाखान्यात सांगितलं व्हतं," एवढंच ती म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. ज्या दिराने भावाचा डोळा फोडला, तोच पुढे झाला. "लई शिकल्याला डाक्टर! चपलेचा डिंक लावाया सांगतो?" पहिल्याच थपडेत तुमचा चष्मा उडाला. मग त्याने स्टूल उचललं. तपासणीचं यंत्र फुटलं, कपाटाच्या काचा फुटल्या, तुमचा ओठ फाटला. मी पडद्यामागे पडदा मुठीत धरून उभी होते. रक्त गिळत तुम्ही म्हणालात, "मला मग मार. आधी ह्याला झोपव." पापणीचा एकेक केस कापत तुम्ही दोन तास तो डोळा सोडवलात. आत बुबुळाचा पडदा पांढरा झाला होता. डोळा गेला.

संध्याकाळी काचा गोळा करताना तुम्ही मला विचारलंत, "तू कुणाला काही बोलली होतीस का?" मी म्हणाले, "नाही." तुम्ही केरसुणीने उरलेल्या काचा कोपऱ्यात लोटल्यात. मग म्हणालात, "मग मीच कधीतरी बोललो असेन." त्यानंतर तुम्ही पेशंटला काही समजावून सांगणंच सोडलंत. भोक पडलेला डोळा आला की पुण्याची चिठ्ठी द्यायचात. ते सगळे वेळेवर पोचले नसणार. आईला तिची वाटी परत मिळाली.

काल त्या बाईने विचारलं, "काय लावलं, डाक्टरीणबाई?" मी म्हणाले, "औषध." ती म्हणाली, "थोडं बांधून द्या की घरला. परत लागंल." तेव्हा मी तिच्यासमोर बसले. हा डिंक आहे आणि दुकानातला लावला तर डोळा जळतो, असं सगळं वाक्य सांगितलं. तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, पोरीकडूनही. विळ्याचं काय करायचं ते मात्र मला सांगता आलं नाही.

हा कागद घडी करून मी खणात, डिंकाच्या डबीखाली ठेवते आहे. केरसुणी हातात धरून तुम्ही विचारलं होतंत ना अण्णा? हो. बोलले होते.