परीक्षक क्रमांक तीन

3 ऑगस्ट, सकाळी 7:50

आजपासून रोज पहाटे पाचला उठून लिहिणार. आजची पहाट हुकली, पण संकल्प पहाटेचाच आहे.

काल विभागप्रमुख बाईंनी केबिनमध्ये बोलावलं होतं. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, पण खुर्ची मोठी. म्हणाल्या, यंदा प्रोफेसरची एक जागा आहे, फॉर्म 30 नोव्हेंबरपर्यंत भरायचा, आणि गेल्या पाच वर्षांत छापून आलेला एक तरी शोधनिबंध लागतो. 'एक तरी' हे दोनदा म्हणाल्या. मी सांगितलं, निबंध तयार आहे, फक्त शेवटचा हात फिरवायचाय.

यात काडीचंही खोटं नाही. विषय : वाचनालयातील शांतता आणि वाचनाची एकाग्रता. अडतीस पानं, सहा तक्ते, एकशे बारा संदर्भ. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, नऊ वर्षं शेवटचाच हात फिरतोय, एवढ्यात घर रंगवून झालं असतं. तिला संशोधन कळत नाही. ती फिजिओथेरपिस्ट आहे, तिच्याकडे माणसं पंधरा दिवसांत चालायला लागतात. त्यामुळे सवय बिघडली आहे.

4 ऑगस्ट

आठला उठलो. आभाळ भरून आलं होतं, त्यामुळे उजाडलंच नव्हतं असं धरायला हरकत नाही.

9 ऑगस्ट, दुपारी

यंदा माझ्या गळ्यात नवा पेपर पडलाय : शोधनिबंध कसे छापले जातात. वर्गात बारा मुलं. पहिल्या तासाला मी दीड तास बोललो. तीन मुलं फोनमध्ये, दोन खिडकीबाहेर, एक तर नुसतीच माझ्याकडे बघत होती, ते सगळ्यात वाईट.

आज दाढी करताना एकदम सुचलं. मुलांनाच एक नियतकालिक काढायला लावायचं! सरावाचं. तेच लेखक, तेच परीक्षक, तेच संपादक. पोहायचं तर पाण्यात उतरायला हवं, काठावर बसून पोहणं येत नाही. आनंदाच्या भरात हनुवटी दोन ठिकाणी कापली. मोठे विचार रक्त मागतात.

12 ऑगस्ट

वर्ग खूश! नियतकालिकाच्या नावासाठी मतदान घेतलं. मी 'ज्ञानमंथनप्रभा' सुचवलं. मुलांनी 'कच्चा खर्डा' सुचवलं. अकरा जणांनी खर्ड्याला मत दिलं, एक जण गैरहजर. ज्ञानमंथनप्रभेला एक मत पडलं. ते माझं होतं. लोकशाहीचा मी आदर करतो, पण ती लहान वयात देऊ नये.

पहिल्या बाकावरच्या मुलीला संपादक केलं. मोजकं बोलते, हातात कायम स्टेपलर. बाकीच्यांनी लगेच तिचं नाव संपादकीणबाई पाडलं.

नियम मी लिहिले. चोवीस. महत्त्वाचे : नियम 9, निबंध कोणाचा हे परीक्षकाला सांगायचं नाही. नियम 14, मोघम स्तुती चालणार नाही, प्रत्येक कौतुकाला पान आणि ओळ द्यायची. नियम 20, लेखकाचं वय, हुद्दा, ओळख यांचा विचार करायचा नाही. वर्गात ठणकावून सांगितलं, परीक्षणात दयामाया नको. खुद्द माझा निबंध आला तरी सोडू नका! मुलं हसली. मीही हसलो.

2 सप्टेंबर

निबंधांची मुदत संपत आली. आले पाच. त्यातल्या एकाला शेवट नाही. एकात फक्त शेवट आहे. मी संपादकीणबाईला म्हटलं, दर्जाचं काय? ती म्हणाली, सर, तुम्हीच म्हणालात कच्चाच हवा. असं मी म्हणालो असेन, पण त्या अर्थाने नव्हे.

मुलांपुढे चांगला नमुना हवा. असा की वाचूनच ती सरळ होतील.

3 सप्टेंबर, सकाळी 11

सुचलं! माझाच निबंध टोपणनावाने 'खर्ड्या'ला पाठवायचा. दुसऱ्या कॉलेजातला विद्यार्थी म्हणून. एका दगडात दोन पक्षी. पदोन्नतीचा फॉर्म पुन्हा नीट वाचला. त्यात एवढंच आहे की निबंध परीक्षण करून छापणाऱ्या नियतकालिकात आलेला असावा. परीक्षकांना मिशा फुटलेल्या असाव्यात असं कुठेही लिहिलेलं नाही.

स्वीकृती आली की वर्गात उभं राहून हळूच सांगायचं, तो लेखक मीच. मग टाळ्या. मग फॉर्म.

नवा ईमेल उघडला. टोपणनाव इथेही लिहीत नाही. गुप्तता म्हणजे गुप्तता.

4 सप्टेंबर

पाठवला. शेवटचा हात फिरवायचा राहिला. पण इतक्या उंचीवर काय फिरवणार.

19 सप्टेंबर

बाईंनी जिन्यात गाठून विचारलं, निबंधाचं कुठवर आलं? मी ऐटीत सांगितलं, परीक्षणाला गेलाय. कुठल्या नियतकालिकात? म्हटलं, नवं आहे, पण फार कडक. त्यांच्या भुवया वर गेल्या. कौतुकानेच असणार.

वर्गात मुलं त्या बाहेरच्या निबंधाबद्दल कुजबुजताना दिसली. मी फळा पुसायचं निमित्त करून कान दिला. 'बापरे' एवढंच ऐकू आलं. भारावली आहेत.

10 ऑक्टोबर, दुपारी 3

परीक्षणं आली. टोपणनावाच्या ईमेलवर. आधी चहा घेतला, मग उघडली.

परीक्षक एक : खूप छान निबंध आहे, छापावा. बस. मुलगा हुशार आहे, कोण ते ओळखलं असतं तर पेन दिलं असतं. पण खाली संपादकांची टीप : नियम 14 नुसार हे परीक्षण बाद, कारण पान आणि ओळ दिलेली नाही.

परीक्षक दोन : साडेचार पानं. पहिली बारा पानं प्राचीन काळातल्या शांततेवर का आहेत? एकशे बारा संदर्भांपैकी सत्तर निबंधात वापरलेच नाहीत, ते फिरायला आलेत का? आणि तक्ता चारमध्ये 'डोळे मिटून चिंतन' असा रकाना आहे. या चिंतन करणाऱ्यांपैकी किती जण घोरत होते, ते लेखकाने नोंदवायला हवं होतं.

उद्धटपणाची कमाल आहे! हे पोर कुणाकडे शिकलं?

11 ऑक्टोबर

रजा टाकली. बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, मान धरली. तिने दोन मिनिटांत मान सोडवली, म्हणून रजेला कारण उरलं नाही. गेलो.

17 ऑक्टोबर

धीर सोडलेला नाही. एक परीक्षण बाद, एक विरोधात, म्हणजे नियम 16 नुसार तिसरा परीक्षक लागणार. तिसरा न्यायी निघेल. सत्याचा विजय होतोच, जरा उशिरा होतो इतकंच.

दुसरीकडे पाठवायचा विचार केला. पण नोव्हेंबरच्या आत उत्तर कोण देणार? खर्डा एके खर्डा.

24 ऑक्टोबर, दुपारी 1:20

संपादकीणबाई स्टाफरूममध्ये आली. म्हणाली, सगळी मुलं अंकाच्या कामात अडकली आहेत, कुणी मोकळं नाही, एका निबंधाला तिसरा परीक्षक हवाय, तुम्ही व्हाल का? आणि एक पाकीट पुढे केलं.

उघडलं. लेखकाचं नाव काळ्या शाईने झाकलेलं. वाचनालयातील शांतता आणि वाचनाची एकाग्रता.

दोन वाजता. मोठा नैतिक पेच. लेखक स्वतःच परीक्षक होऊ शकतो का? चोवीस नियम पुन्हा वाचले. तसा मज्जाव कुठेही नाही. माझ्याकडून राहून गेलं होतं. त्या वेळी वाटलं होतं, इतकं वाईट कोण वागेल.

सव्वादोन. पेच सुटला. हो म्हटलं. या निबंधाची माझ्याइतकी माहिती दुसऱ्या कुणाला आहे?

25 ऑक्टोबर

परीक्षण दिलं. 'युगप्रवर्तक लेखन. दृष्टी व्यापक. त्वरित छापावा.' सही ठोकली. आज मला प्रोफेसर झाल्यासारखं वाटतंय. बायकोला बाहेर जेवायला नेलं. तिने विचारलं, कशाबद्दल? म्हटलं, असंच. ती म्हणाली, मग जरा काळजी वाटते.

28 ऑक्टोबर

परीक्षण परत आलं. वर कोपऱ्यात स्टेपल केलेली चिठ्ठी : नियम 14. 'युगप्रवर्तक' कुठे, पान आणि ओळ द्यावी. 'दृष्टी' कुठे, पान आणि ओळ द्यावी. मुदत शुक्रवार.

तिला बोलावून म्हटलं, अगं, मी तुमचा सर आहे. ती म्हणाली, हो सर, म्हणूनच आम्ही सगळ्यांना सांगतो की हे नियम आमच्या सरांनी केलेत, ते स्वतः सुद्धा मोडत नाहीत. असं म्हणून ती गेली. पोरीच्या चेहऱ्यावर टिंगल नव्हती. टिंगल असती तर मी मार्ग काढला असता.

29 ऑक्टोबर, संध्याकाळी 5

पान आणि ओळ शोधायला बसलो. लाल पेन्सिल घेतली. चांगलं वाक्य दिसलं की खूण करायची. सोपं काम.

पान 12 पर्यंत एकही खूण नाही. प्रस्तावना आहे, चालायचंच. पान 17 वर एक वाक्य अर्धं पान चाललंय. मी मध्येच हरवलो, क्रियापदापर्यंत पोचेपर्यंत कर्ता विसरलो. उद्या वाचू.

30 ऑक्टोबर, संध्याकाळी 6:10

पान 22. तक्ता चार.

नऊ वर्षांपूर्वी मी वाचनालयात आणि झेरॉक्स मशीनशेजारच्या जिन्यावर, दोन्हीकडे बसून वाचणारे बघितले होते. चाळीस आणि चाळीस. तासाला किती पानं उलटतात ते मोजलं होतं. वाचनालयात सरासरी चार, जिन्यावर सत्तावीस. मी निष्कर्ष काढला होता की शांततेत वाचन इतकं खोल जातं की पान उलटायचं भानच राहत नाही. आणि 'डोळे मिटून चिंतन' या रकान्यात वाचनालय तेवीस, जिना शून्य.

पेन्सिल खाली ठेवली.

ती माणसं झोपली होती. चाळीसातली तेवीस! माझ्या डोळ्यांदेखत झोपली होती आणि मी त्यांना चिंतनात बसवून नऊ वर्षं पदोन्नतीची वाट बघत होतो.

आधी घाम फुटला. मग हसू आलं, आणि ते थांबेना. बायको आत डोकावून गेली.

31 ऑक्टोबर, शुक्रवार

परीक्षणाच्या फॉर्मवर तीन चौकोन आहेत : स्वीकारावा, दुरुस्तीनंतर स्वीकारावा, नाकारावा. मधल्यावर खूण केली होती. मग दोन तास पानं आणि ओळी शोधत बसलो. एकूण कौतुक एवढंच जमलं : पान 22, तक्ता चार, मोजणी काळजीपूर्वक केली आहे. पुढे हाताने लिहिलं की लेखकाने पाहिलं एक आणि लिहिलं दुसरं.

मधली खूण खोडली. तिसऱ्या चौकोनात केली. एक महिना उरलाय, हे मला ठाऊक होतं. पण दोन दिवस परीक्षक म्हणून बसलं की माणूस लेखकाचं ऐकत नाही.

27 नोव्हेंबर

बाईंच्या केबिनमध्ये स्वतःहून गेलो. सांगितलं, निबंध नाकारला, यंदा फॉर्म भरत नाही. त्यांनी खुर्ची दिली. म्हणाल्या, कुणी नाकारला? म्हटलं, दोघांचं कसंतरी निभावलं असतं, तिसरा परीक्षक खडूस निघाला. त्या म्हणाल्या, तिसरा नेहमीच खडूस असतो. त्यांचेही दोन निबंध तिसऱ्याने मारले होते म्हणे. पहिल्यांदाच बाईंबरोबर पाऊण तास गप्पा झाल्या. वाईट माणूस नाही.

वाईट वाटायचं ते घरी येऊन वाटलं. खूप वाटलं. बावन्न वर्षांचा आहे मी, आणखी किती जागा निघणार आहेत?

28 नोव्हेंबर, दुपारी

'कच्चा खर्डा'चा पहिला अंक आला. चार निबंध, बत्तीस पानं, सगळ्या पिना सरळ रेषेत. शेवट नसलेल्या निबंधाला शेवट मिळालाय आणि तो चांगला आहे. मुलं एकमेकांचे अंक ओढून वाचत होती. झिंगाट गोंगाट. एकही डोळा मिटलेला नव्हता. मी वर्गात उभं राहून ते गुपित सांगणार होतो, पण मला कुणी बोलूच देईना.

घरी येऊन टोपणनावाचा ईमेल उघडला. पत्र आलं होतं. इथे उतरवून ठेवतो :

'नवोदित लेखकास, तुमचा निबंध या अंकात घेता आला नाही, याचं आम्हाला वाईट वाटतं. पण तुम्ही नाउमेद होऊ नका. तक्ता चार आम्ही फळ्यावर काढला आणि तासभर त्यावर भांडलो. एवढं दुसऱ्या कुठल्याच निबंधावर भांडलो नाही. तुम्ही घाबरून लिहिलं असावं, म्हणून इतके संदर्भ घेतले. पहिल्या वेळी आम्हीही तसंच केलं. तुम्हाला जे दिसलं तेवढंच सहा पानांत लिहा. पुढच्या अंकात जागा ठेवतो. कुठे अडलं तर आमच्या सरांना येऊन भेटा. ते फार ओरडतात, पण कुणाला परत पाठवत नाहीत.'

वाचून डोळे भरून आले. ही रोजनिशी दुसरं कुणी वाचत नाही, म्हणून लिहायला हरकत नाही.

बायकोला सगळं सांगितलं आणि पत्र दाखवलं. तिने दोनदा वाचलं. म्हणाली, बघताय काय, जा की त्या सरांकडे.

म्हटलं, जाईन. पण ते तरी काय सांगणार? तक्ता चार त्यांनी स्वतः गेल्याच महिन्यात पहिल्यांदा वाचलाय.