ओम्स्कला एक दिवस, पोडॉल्स्कच्या घड्याळाने

मंगळवार, १२ फेब्रुवारी. सकाळ.
ओम्स्क. तिकिटावर पोचायची वेळ ९.२०, माझ्या घड्याळात मॉस्कोचे ६.२०. गाडी चक्क तीन तास आधी! मग बाहेर एवढं उजाडलेलं कसं, हे सैबेरियालाच ठाऊक.
शनिवारी दुपारी इर्कुट्स्कला आमच्या स्नेझानाचं लग्न. एकुलती एक मुलगी. वाटेत एक दिवस भावाकडे थांबायचं, हा बायकोचा, ताइसियाचा हट्ट. मी उदार मनाने मान्य केला.
संकल्प: मेव्हण्यापुढे मॉस्कोची ऐट दाखवायची नाही.

दुपार.
संकल्प मोडला. येफिमने फलाटावरच विचारलं, दाजी, मॉस्कोबाहेरचं तुमचं पोडॉल्स्क मॉस्कोत कधी गेलं? उत्तर द्यावंच लागलं.
उणे एकतीस. त्याने कानटोपी पुढे केली. मेंढीचा वास. नाकारली. थंडी हा मनाचा कमकुवतपणा आहे.

संध्याकाळ.
कान जाणवत नाहीत. म्हणजे आहेत, पण जाणवत नाहीत. येफिमची बायको ग्लाफिरा हंसाची चरबी चोळत म्हणाली, राजधानीचे कान, जरा जपून चोळते हं. सगळे हसले. ताइसियासुद्धा.
हे शहर! मेट्रोचं एकच स्टेशन, आणि गाडी नाहीच. लोक त्यातून रस्ता ओलांडतात. वर येफिम मला ते कौतुकाने दाखवतो.
खिमा भरून उकडलेल्या पेल्मेनी बऱ्या होत्या. शिष्टाचार म्हणून चव्वेचाळीस खाल्ल्या.

बुधवार, १३. सकाळ.
पुढची गाडी २.१० ला. रेल्वे मॉस्कोच्या वेळेवर चालते, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे इथले ५.१०. येफिम म्हणतो, दाजी, ते कधीच बंद झालं, आता तिकिटावर त्या त्या गावचीच वेळ असते. तीस वर्षं रेल्वेत काढली त्याने. तीच तर अडचण. आतल्या माणसाला बाहेरचं दिसत नाही.
ताइसिया म्हणाली, अरे, तो रेल्वेवाला आहे! मी म्हणालो, आणि मी शिकलेला.

दुपार, इथले १.००
ताइसिया बॅगा घेऊन येफिमबरोबर निघाली. दारात थांबून म्हणाली, रोस्तिस्लाव, चल ना. तीस वर्षांत एकदा तरी माझं ऐक. मी म्हणालो, तीन तास फलाटावर गारठलीस की येईल अक्कल. तिने दार ओढून घेतलं. मुद्दा पटला असणार.
डुलकी घेतो.

इथले ५.००
स्टेशन. फलाटावर गाडी नाही, ताइसिया नाही. चौकशीच्या खिडकीतली बाई म्हणाली, ती गाडी तीन तासांपूर्वीच गेली, आजोबा.
आजोबा! मी छप्पन्नचा आहे.
रेल्वेने वेळ बदलताना मला विचारायला हवं होतं.

रात्र.
फोनवर ताइसिया ओरडली नाही. म्हणाली, मी अगदी शेवटपर्यंत दारात उभी होते, डब्याच्या अटेंडंट बाईने आत ओढलं. तिच्या गोंधळीपणाबद्दल मोठ्या मनाने काही बोललो नाही.
येफिमने डोक्यावरची कानटोपी काढली, माझ्या ताटात पेल्मेनी वाढल्या. सैबेरियन क्रौर्य म्हणतात ते हेच.

गुरुवार, १४.
विमानात मी तत्त्व म्हणून बसत नाही. आज तत्त्व सोडलं, तर जागा नाही. रात्रीच्या गाडीत वरचा बर्थ मिळाला, शौचालयाशेजारी. शनिवारी संध्याकाळी पोचणार. लग्न दुपारी बाराला.
स्नेझानाला फोन केला: तारीख एक दिवस पुढे ढकल, बापाशिवाय समारंभाला शोभा नाही. ती म्हणाली, बाबा, ऐंशी माणसं येणार आहेत. मग म्हणाली, तुम्ही सावकाश या.
माझी काळजी करते पोर.

शनिवार, १६. दुपार.
तुलून स्टेशन गेलं. बाहेर बर्फ आणि भूर्जवृक्ष. तेच ते.
ताइसियाचा फोन. झालं म्हणाली. सह्या झाल्या, अंगठ्या झाल्या. मी विचारलं, माझ्यावाचून अडलं असेल ना? ती म्हणाली, नाही रे, छान झालं. कुणाचं कुणाशी वाजलं नाही. जावयाच्या आजोबांनी स्नेझानाचा हात धरून तिला आत नेलं.
मी विचारलं, रडली का ती?
ताइसिया म्हणाली, आज नाही. कालच रडून घेतलं तिने.
मग रेंज गेली. मी तसाच आणखी थोडा वेळ बोलत राहिलो. खालच्या बर्थवरची बाई ऐकत होती. म्हटलं, फोन बंद आहे हे तिला कळायला नको.