इनायतुल्लाचे सतरा सुरे

अमरावती, ता. ६ नोव्हेंबर १८६४

आजपासून रोजनिशी. तारखा इंग्रजी. मुंबईवाल्या कापूस-एजंटाच्या ऑफिसात आठ महिने वजनं लिहिली, तेवढ्यात महिने पाठ झाले. बाकीचं इंग्रजीही जवळपास आलंच आहे.

ठराव: कापसाच्या मागे लागायचं नाही. तिकडे अमेरिकेत लढाई, म्हणून इकडे सगळं वऱ्हाड कापसापायी वेडं झालंय. शेजाऱ्याने बैलांच्या दमणीच्या चाकांना चांदीच्या पट्ट्या ठोकल्या. काल ती दमणी चिखलात रुतली. मी ओट्यावरून पाहत होतो. ढकलायला गेलो नाही.

माझा बिझिनेस सुऱ्यांचा. अकोल्याला मोर्णेच्या काठी इनायतुल्ला म्हणून म्हातारा कारागीर आहे. रानात वापरायचे सुरे करतो. वीतभर पातं, सांबरशिंगाची मूठ. महिन्याला चार, फार तर पाच. शिकारी साहेबापासून मेळघाटातल्या गुराख्यापर्यंत सगळे त्यासाठी नंबर लावून बसतात. दर तीन रुपये. साहेबालाही तीन, गुराख्यालाही तीन! माणूस अगदीच अडाणी. मी तीनला घेणार, साहेबाला पंधराला देणार.

कौशल्येला सांगितलं. ती म्हणाली, "यंदाच्या कापसाच्या पैशाची विहीर खोदाची ठरली होती ना? मंग सुरे कावून?" मी म्हणालो, पुढच्या वर्षी दोन विहिरी खोदू. ती गप्प बसली. पटलं असावं.

अकोला, ता. १५ नोव्हेंबर

इनायतुल्लाने नाव विचारलं. भगवंतराव म्हणालो. सगळे त्याला चाचा म्हणतात, मीही म्हणालो. मग विचारलं, सुरा कशाला पाहिजे? मी म्हणालो, रोज रानात जातो. तो माझ्या हातांकडे बघत राहिला. मग बांबूचा तुकडा अन् एक सुरा पुढे केला. म्हणाला, "सोलून दाखवा."

सोलला. अंगठाही सोलला.

त्याने स्वतः चिंधी बांधली. म्हणाला, "एकानं न नेलेला एक हाय, तो देतो. पण घरात ठेवू नका त्याले. एका मानसाले एकच, ध्यानात ठेवा." मी सहा मागत होतो.

एकच. हा काय व्यापार झाला? याच्या सुऱ्याला मी आहे म्हणून किंमत येणार आहे, हे त्याला अजून कळायचंय.

अमरावती, ता. २ डिसेंबर

माणसागणिक एक मिळतो, तर माणसं पाठवायची. साधा हिशेब. आधी पुंजाराम न्हाव्याला पाठवलं. वाटेत काय बोलायचं ते तीनदा घोकून घेतलं: रानडुक्कर, रानडुक्कर, रानडुक्कर. तिथे चाचाने विचारलं, कशाला पाहिजे? पुंजाराम म्हणाला, "दाढीले." चाचाने त्याला वस्तरा विकला. वस्तरा चांगला आहे म्हणतो. गाडीभाडं माझं.

ठराव: यापुढे खरे रानातले लोकच पाठवायचे.

ता. २८ डिसेंबर

जमलं. बाजाराला येणारे, चाचाकडे आधीच नाव लावलेले गुराखी गाठतो. सुऱ्याचे तीन रुपये, वर गुळाची ढेप अन् चार आणे हातावर ठेवले की अकोल्याला जाऊन सुरा आणतात. चाचा त्यांना एका प्रश्नात देतो. आज स्टॉक पाच.

गिऱ्हाईक दोन आले होते. विकला नाही. सगळा माल एका हातात आला की रेट आपण सांगू तो. ही गोष्ट मी एजंटाकडून शिकलो.

म्यानं काढून वेगळ्या गाठोड्यात ठेवली. ती वेगळी विकणार. हे एजंटालाही सुचलं नसतं.

ता. १९ जानेवारी १८६५

कौशल्येचा भाऊ जानराव चिखलदऱ्याकडे गुरं चारतो. त्याने चाचाकडे वर्षापूर्वी नाव लावलं होतं. आज निरोप आला, त्याचा नंबर लागला. निरोप बहिणीच्या घरी, म्हणजे माझ्या घरी आला. जानराव डोंगरात. त्याच्या वतीने मी अकोल्याला जाऊन सुरा आणतो. घरच्या माणसाने घरच्या माणसाची सोय करायची असते.

ता. २५ जानेवारी

आणला. स्टॉकमध्ये ठेवला. जानराव आला की बघू.

ता. ११ फेब्रुवारी

विजयाचा दिवस! बडनेऱ्याकडे रेल्वेचं काम चाललंय, तिथला साहेब घोड्यावरून घरी आला. सगळे सुरे हातात घेऊन पाहिले. एका सुऱ्याने तर स्वतःच्या मनगटावरचे केस काढून पाहिले. म्हणाला, बारा रुपये एकेक, सगळे देऊन टाक.

मी "नो" म्हणालो. पूर्ण इंग्रजीत.

त्याच्या डोळ्यांत मला वीस दिसले. असा माणूस परत येतोच.

कौशल्या दारामागून ऐकत होती. साहेब गेल्यावर म्हणाली, "अवो, बारानं विहीर बांधून वरतं मोट आली असती." बायकांना मार्केट कळत नाही.

ता. ६ मार्च

जानराव आला. डावा हात कोपरापासून बांधलेला. बिबट्या वासरावर पडला, हा काठी घेऊन धावला. काठी मोडली. बिबट्याने हात धरला. दुसऱ्या गुराख्याने दगड घातले म्हणून सुटला. वासरू गेलं.

तो म्हणाला, "भाऊजी, चाचा म्हने तुमी माहा सुरा नेला. मले द्या तो. मी परवा वरतं जाऊन राह्यलो."

मी सगळं समजावून सांगितलं. रेट आता बाराच्या वर आहे. तुला घरचा म्हणून नऊ. तोट्यात जातो आहे मी.

जानराव उठला. उजव्या हाताने पाण्याचा तांब्या उचलला, प्यायला, खाली ठेवला आणि गेला. जेवला नाही. कौशल्येने भाकरी बांधून त्याच्या मागे धाव घेतली.

मनाला थोडं लागलं. पण पोटापुरतं सगळेच करतात. व्यापार करायला छाती लागते.

ता. २० मार्च

कौशल्या बोलत नाही. चौदा दिवस. बहुतेक ती माझ्या योजनेचा विचार करते आहे.

ता. १० एप्रिल

स्टॉक सतरा. घरात एवढा माल, चोरांची भीती. म्हणून घरच्या शेतातल्या, भाव वाढेपर्यंत राखून ठेवलेल्या कापसाच्या ढिगात सगळे सुरे खोल खुपसले. कोणाच्या बापाला सापडणार नाहीत.

त्याच कापसावर रोज दोन घागरी पाणी शिंपडतो. वजन वाढतं. सगळेच शिंपडतात.

ता. १२ मे

एजंटाच्या ऑफिसला कुलूप. तारेने बातमी आली, अमेरिकेतली लढाई संपली. कापसाचा रेट कोसळला. बाजारात माणसं नुसती उभी आहेत.

माझं काय बिघडलं? मी पहिल्या दिवशीच लिहून ठेवलंय, कापसाच्या मागे लागायचं नाही.

बडनेऱ्याला जाऊन आलो. साहेबाची बदली झाली. नव्या साहेबाला सुऱ्यांचं विचारलं. त्याने मला विहिरीतल्या गाळासाठी टोपल्या पुरवतो का, असं विचारलं.

ता. २२ मे

ठराव: सुरे ठेवायचे, कापूस मात्र मिळेल त्या भावाने काढून टाकायचा. दलाल किसनराव माल बघायला आला. ओल आहे का ते बघायला त्याने ढिगात खांद्यापर्यंत हात घातला.

अशी किंकाळी मी आयुष्यात ऐकली नव्हती.

तळवा चिरला. गल्ली गोळा झाली. पोलिसांचा जमादार नत्थुजी आला, ढीग उपसला, एकेक करून सतरा सुरे ओट्यावर मांडले. म्हणाला, "सतरा? म्यानाबिगर? कापसात लपवून?" सत्तावनच्या धामधुमीला आठच वर्षं झाली, हे सगळ्यांना एकदम आठवलं. शेजारी म्हणाला, मले वाटूनच राह्यलं होतं.

मी म्हणालो, स्टॉक आहे. नत्थुजी म्हणाला, "कोनाच्या फौजेचा?"

पोलीस कोठडी, ता. २३ मे

कागद मागून घेतला, कालची नोंदही आज इथेच केली. लिहून ठेवतो म्हणजे पुढे उपयोगी पडेल.

मी वाकणार नाही. मोठ्या व्यापाऱ्यांना हे सोसावंच लागतं. पोलिसांच्या साहेबाने विचारलं, बंडात कोण कोण आहे? मी म्हणालो, पुंजाराम न्हावी, पण त्याला वस्तराच मिळाला. त्याने ते लिहून घेतलं. कौशल्या डबा घेऊन आली. इतक्या दिवसांनी बोलली. म्हणाली, "खाऊन घ्या. जानरावले अकोल्याले धाडलं म्या."

ज्या हाताने बिबट्याला तोंड दिलं तो अजून बरा नाही, तरी गेला. का गेला, विचार करतो आहे.

ता. २७ मे

इनायतुल्ला आला. अकोल्याहून, या उन्हात, दमणीत बसून. मी समजलो, आता दोन व्यापारी मिळून साहेबाला उत्तर देणार.

साहेबाने सुरे दाखवले. चाचाने एक उचलला. पात्यावर लाल गंज, ठिपके ठिपके. दुसरा उचलला. तोही. सगळे पाहून झाले तेव्हा तो खाली बसला.

मग साहेबाला म्हणाला, "हुजूर, हे सुरे माझे. रानातल्या कामाचे. आन हा मानूस बंड करनार नाई. यानं माझ्या दुकानात बांबू सोलताना आपलाच अंगठा कापला. यानं दंगा केला तं पहिला हाच मरन."

साहेब हसला. नत्थुजी हसला. मला सोडलं, सुरेही परत दिले.

मी हसलो नाही. अशी सुटका मला मान्य नाही. तरी घरी आलो.

ता. २८ मे

चाचा आमच्या ओट्यावरच थांबला होता. सकाळी राख, तेल, विटेची भुकटी मागवली. घासायला बसला. बराच वेळ मी उभा होतो. तो म्हणाला, "बसा." बसलो.

दिवसभर दोघं घासत होतो. तो घासताना बोलत नाही. एकदाच म्हणाला, "असं उभं नका घासू. पात्याच्या अंगानं जा." गेलो. गंज निघायला लागला तशी खालून पाण्यासारखी झाक दिसायला लागली. हे मी विकायला निघालो होतो, पण नीट पाहिलं आजच.

दोन गेले कामातून. पंधरा निघाले. चाचाने पंधरांचे पैसे तीनच्या दराने मोजून ओट्यावर ठेवले आणि सुरे आपल्या पोत्यात घातले. मी म्हणालो, बाजारात... तो म्हणाला, "नाव लावून लोकं बसले हायत, भगवंतराव." एक सुरा त्याने बाहेर ठेवला. जानरावाला बोलावून त्याच्या उजव्या हातात दिला. पैसे घेतले नाहीत.

जानरावाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या हाताचं विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच विचारलं, हे विचारल्यावर लक्षात आलं. तो म्हणाला, "आता बोटं वळून राह्यले, भाऊजी."

पैसे कौशल्येने उचलले. मी बघत होतो.

तरी नोंद करून ठेवतो: पंधरा नग, एकाच दिवशी, एकाच गिऱ्हाइकाला. वऱ्हाडात असा सौदा दुसऱ्या कोणी केलेला नाही.

ता. ९ जून

अकोल्याहून निरोप. चाचाच्या हाताखालचा माणूस रेल्वेच्या कामावर गेला, तिथे मजुरी जास्त. चाचाने मला बोलावलंय. साहेबासमोर माझी बाजू घेतली, दिवसभर शेजारी बसवलं, आता बोलावणं. भागीदारीच असणार. दुसरं काय?

कौशल्या म्हणाली, "जा. धोतर जुनंच नेसा."

मी नवं नेसणार.

अकोला, ता. १३ जून

चाचाने सान दाखवली. धार लावायची दगडी चाकी. मागे चामड्याचा पट्टा. एकाने पट्टा ओढायचा, दुसऱ्याने सुरा धरायचा. मी सुरा धरायला पुढे झालो. त्याने पट्टा माझ्या हातात दिला.

दिवसभर ओढला. सुरा एकही विकला नाही, विकत घेतला नाही, कोणाला रेट सांगितला नाही. संध्याकाळी लिहायला बसलो तर बोरू बोटांत राहत नाही.

चाचा म्हणाला, उद्या लवकर या. मी म्हणालो, बरं.