औंधच्या माळावरचे नऊ होल

सांगली, ४ जानेवारी २०२४

चि. उदयसिंह यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

फोटो पाहिले. कुसळं, दगड आणि मधे खोचलेले नऊ झेंडे. सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाला एवढंच सुचावं? यांच्याबरोबर मी तीस वर्षं छावण्यांमधली खरी हिरवळ तुडवली आहे, त्यामुळे याला गोल्फ कोर्स म्हणायला मला सांगू नकोस. सौरऊर्जा कंपनीचे कागद आले आहेत. माळाच्या माझ्या निम्म्या वाट्यावर पॅनेल बसतील, मग तुझा खेळ आपोआप संपेल. हे गेल्यापासून मला कशाची हौस उरलेली नाही. महिनाअखेरीस सही करते.

तब्येत सांभाळ, एवढीच आज्ञा.
तुझी आक्का, राजेश्वरी

औंध, ११ जानेवारी

ती. आक्कांस सा. न. वि. वि.

रागावलात, बरं वाटलं. दाजी गेल्यापासून तुमचं एवढं लांब पत्र आलं नव्हतं. सही खुशाल करा, पण आधी एकदा खेळून जा. गवत बिराप्पा धनगराची मेंढरं कापतात, आणि होलभोवतीच्या हिरवळीच्या, म्हणजे ग्रीनच्या, जागी तेल मुरवलेली वाळू आहे. हसायला तरी या. येताना दाजींच्या स्टिका आणा.

आहे तो लोभ कमी करू नये.
आपला उदय

सांगली, २९ जानेवारी

चि. उदयसिंह यास अनेक आशीर्वाद.

औंधहून परतल्यावर प्रवासाने अंग आखडलं होतं, म्हणून पत्राला उशीर. पहिले तीन होल मी तुला मनातल्या मनात शिव्या देत खेळले. चौथ्यावरही चेंडू डावीकडेच गेला, तेव्हा बिराप्पा म्हणाला, "आवं बाईसाब, मेंढरं बघा की. वाऱ्याकडं पाठ करून हुबी हायती." इतक्या वर्षांत स्टिका वाहणाऱ्या एकाही कॅडीने मला एवढी अक्कल शिकवली नव्हती. मग दिसायला लागलं. ज्याला मी सपाट रखरखाट म्हणत होते, त्यात एकही होल दुसऱ्यासारखा नाही. सातव्याला चेंडू दोनदा कोरड्या ओढ्यात गेला आणि तो होल अर्धवटच सोडावा लागला. गुडघे ठणकत होते, तरी परतीच्या एसटीत मी एकच विचार करत होते, की पुढच्या वेळी स्टिक कोणती घ्यायची. पुढची वेळ हा शब्दच मी दोन वर्षं वापरला नव्हता.

कागद सही न करता परत पाठवले. कारण विचारायला कंपनीच्या माणसाचा फोन आला. सातवा होल राहिला आहे, असं सांगितलं. बिचाऱ्याने ते तसंच लिहून घेतलं.

माया असू दे. ओढ्याकाठचे दगड मात्र हलवू नकोस, मला सवलत नको.
आक्का